विश्वनाथ वाचताना

११ जानेवारी

शर्वरीनं गृहपाठ दिला आहे. अडुसष्टाव्या वर्षी गृहपाठ! मराठी भाषा दिनाला आमच्या मंडळात एका जुन्या कादंबरीचं अभिवाचन आहे आणि ते बसवणारी ही पोरगी मला म्हणते, "काका, तुमचा विश्वनाथ जसा लिहितो ना, तसं तुम्हीपण थोडं थोडं लिहा. जे पाहिलं तेच. सूर अपने आप मिल जाएगा." शर्वरी भोपाळातच वाढली, रेडिओवर निवेदन करते. मराठी बोलता बोलता तिची गाडी हिंदीच्या रुळावर कधी जाते ते तिचं तिलाही कळत नाही.

कादंबरी शंभरेक वर्षांपूर्वीची. एका संस्थानात यशवंत नावाचा वैद्य असतो. त्याच्यावर राजाला विष दिल्याचा आळ येतो आणि सारं गाव उलटतं. एकटा विश्वनाथ त्याच्या बाजूनं उभा राहतो, आणि सगळी गोष्ट तोच सांगतो. 'मी यशवंताचा मित्र. पाहिले तेच सांगतो,' असं पानोपानी म्हणत असतो. हा विश्वनाथ मी वाचणार. यशवंत वाचणार अच्युत.

अच्युत माझा जुना मित्र. कारखान्यात मी खाली सुपरवायझर होतो, तो वर क्रेनच्या केबिनमध्ये. मशिनींच्या गोंगाटात हाक कुणाला ऐकू जायची नाही, म्हणून मी हातानं इशारे करायचो आणि तो जनरेटरचा अजस्र रोटर माझ्या बोटावर अलगद खाली उतरवायचा. क्रेनवाल्यानं एका वेळी एकाच माणसाचा इशारा मानायचा असा नियम असतो. अच्युत माझा मानायचा. दुसऱ्या कुणी हात केला की केबिनमध्ये पेपर वाचत बसायचा.

तर लिहायला माझी हरकत नाही. पण मनातलं लिहायचं झालं तर हा विश्वनाथ मला पटत नाही. जो माणूस उठताबसता मी खरं बोलतो म्हणून सांगतो, त्याच्या पोटात काहीतरी असतंच.

१६ जानेवारी

पहिली तालीम. सगळे वाचक एका रांगेत, समोर एकेक छोटं मेज. दिवाणाची भूमिका तुषारकडे आहे. बँकेत आहे म्हणे. गिऱ्हाईकांचं कसं होतं देव जाणे, कारण हा तोंडातल्या तोंडात बोलतो. ओठ हलतात, बाकी काही नाही. मी दोन-तीनदा म्हटलं, बाबा रे, शब्द टाकायला शीक. तर तुषारनं शर्वरीकडे पाहिलं आणि शर्वरीनं तुषारकडे. त्यात पाहण्यासारखं काय होतं?

अच्युतची खुर्ची डाव्या टोकाला होती. चहानंतर बघतो तर स्वारी माझ्या उजव्या हाताला येऊन बसलेली. म्हटलं, "इकडे कशाला?" तर म्हणाला, "इथं हवा चांगली लागते ना भाऊ." भोपाळच्या जानेवारीत याला हवा हवी आहे! शिवाय माझी खुर्ची बरोबर मधल्या माईकसमोर. पाणी कुठेतरी मुरतंय.

२० जानेवारी

दाराची बेल पुन्हा बिघडली. कुरिअरवाला वाजवून वाजवून परत गेला, शेजारच्यांनी पार्सल आणून दिलं. इलेक्ट्रिशियन बोलावला तर म्हणतो, बेल एकदम चोख आहे बाबूजी. मग मी काय घरात नव्हतो? पैसे काढायचे धंदे, असं म्हणणार होतो, पण त्यानं पैसे घेतलेच नाहीत. म्हणजे सुमननं आधीच काहीतरी सांगून ठेवलं असणार.

सुमन, माझी बायको, हल्ली टीव्हीचा आवाजही मुद्दाम कमी करून ठेवते. मी वाढवला की कपाळाला हात लावते. आज स्वयंपाकघरात गेलो तर पाठमोरी उभी राहून फोनवर बोलत होती. मला पाहिलं आणि एकदम गप्प. विचारलं कोण, तर म्हणाली, "अच्युतभावजी. कमलनं तिळाच्या वड्या कशा केल्यात ते सांगत होते." कमल म्हणजे अच्युतची बायको. वड्या कमलनं करायच्या आणि माहिती अच्युतनं द्यायची, ही पद्धत आमच्या घरात कधीपासून आली?

२४ जानेवारी

आता मात्र हद्द झाली. वाचताना अच्युत मला टोचतो. तुषारचं वाक्य संपलं की मेजाखालून गुडघ्याला गुडघा लावतो. मी पुढे वाचत राहिलो की पेन्सिलीनं माझ्या मेजावर ठोकतो. मी थांबून त्याच्याकडे पाहिलं की छताकडे बघत बसतो. मंडळातल्या मनोरमाबाई राजमाता वाचतात. त्यांनी त्याची ही लुडबुड पाहिली आणि हसून मान वळवली. म्हणजे त्याही सामील.

एकेकाळी माझ्या बोटावर क्रेन हलवणारा माणूस आज मला गुडघ्यानं हलवतो आहे. तालमीनंतर सरळ विचारलं, "तुला विश्वनाथ वाचायचा आहे का? तसं सांग." तर हसला. म्हणाला, "काहून डोकं खराब करून राहिला रे हेमंता? तुझ्या आवाजापुढे माझा आवाज म्हणजे कोंबडं." आवाज माझा चांगला आहे यात वाद नाही. पण खुशामत करणाऱ्याच्या ओठात एक आणि पोटात एक असतं, हे मला कळायला नको?

३० जानेवारी

जे पाहिलं तेच लिहितो.

सुमन दुपारी भिशीला म्हणून गेली. मी पेन्शनच्या कामासाठी टी. टी. नगरला गेलो होतो. काम आटोपून न्यू मार्केटात चहा घेत होतो. समोरच्या इमारतीच्या जिन्यावरून सुमन खाली उतरली. तिच्यामागून अच्युत. दोघं काहीतरी गंभीरपणे बोलत होती. अच्युतनं तिला रिक्षात बसवून दिलं.

त्या इमारतीत खाली साड्यांचं दुकान आहे. वर एक दातांचा डॉक्टर, एक चष्मेवाला आणि एक कानाच्या मशिनीवाला. सुमनचे दात शाबूत आहेत. चष्मा तिनं दिवाळीत बदलला. राहता राहिली साडी. पण साडीचं दुकान खाली असताना जिन्यावर काय काम? वर गोदाम असेल, तिथं चांगला माल दाखवत असतील.

घरी आल्यावर विचारलं, भिशी कशी झाली? म्हणाली, छान. हातात साडीची पिशवी नव्हती.

या वयात मी मत्सर करतो आहे असं कुणी वाचलं तर हसेल. हसू दे. मत्सर नाही हा. माझ्या पाठीमागे काहीतरी शिजतंय आणि शिजवणारी दोन्ही माणसं माझी आहेत, याचा राग आहे. राग म्हटलं तरी खोटंच. भीती वाटली. रिक्षा निघाली तेव्हा चहा तसाच टाकून मी उठलो.

३ फेब्रुवारी

तालमीत विश्वनाथावरून वाद झाला. मी म्हटलं, हा माणूस शेवटपर्यंत मित्राच्या बाजूनं उभा राहतो, पण एकदाही विचारत नाही की बाबा यशवंता, विष तू दिलंस का? याला मैत्री म्हणायची की आळस? माझ्या मते त्याला उत्तराची भीती होती. तो प्रामाणिक नाही, भित्रा आहे.

शर्वरी म्हणाली, "काका, विश्वनाथ सच्चा है. त्याला सच्चाच राहू द्या, प्लीज." (हे तिनं माझ्यासमोर येऊन, तोंड मोठं उघडून सांगितलं. लहान मुलाला सांगतात तसं. अपमान आहे हा.)

अच्युतनं हातातली पेन्सिल मेजावर ठेवली. मग म्हणाला, "विचारलं असतं तर यशवंताला खोटं बोलावं लागलं असतं ना. दोस्तावर खोटं बोलायची पाळी आणू नाही माणसानं."

सगळे वा वा करू लागले. मी नाही केलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. न विचारण्याचं एवढं कौतुक कुणाला असतं? ज्याला उत्तर द्यायचं नसतं त्याला.

८ फेब्रुवारी

सापडला.

आज मी लवकर पोचलो. हॉलमध्ये अच्युत आणि शर्वरी बोलत होते, आणि मी व्हरांड्यातून काचेआडून पाहत होतो. शर्वरी हात जोडून त्याला काहीतरी समजावत होती, मधेच माझ्या रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवत होती. अच्युत मान हलवत राहिला. शेवटी त्यानं दोन्ही हात पुढे घेतले आणि कात्रीसारखे जोरात आडवे केले. हा इशारा मी झोपेतही ओळखेन. कारखान्यात याचा अर्थ एकच: जागच्या जागी बंद. पुढे काही नाही.

माझ्या खुर्चीकडे बोट आणि मग हा इशारा. आणखी पुरावा कशाला हवा? हेमंतला बंद करा, असं अच्युत सांगत होता.

मी आत आलो तेव्हा दोघंही हसले. अच्युतनं माझ्यासाठी गरम पोहे आणले होते, वर जलेबी. पोहे खाल्ले. टाकून द्यायला मी काही लहान मूल नाही.

९ फेब्रुवारी

अच्युतकडे अशोका गार्डनला गेलो. खुर्चीवरही न बसता विचारलं, "न्यू मार्केटात सुमनबरोबर कशाला गेला होतास?"

त्याचा चेहरा उतरला. मग म्हणाला, "साडी. कमलसाठी. सुमनवहिनीची पसंत चांगली आहे म्हणून." कमल मागेच उभी होती. तिचा चेहरा मला स्पष्ट दिसला. तिला कसल्याही साडीचा पत्ता नव्हता.

"आणि शर्वरीला काय सांगत होतास?"

"लाइटींचं काही तरी होतं यार."

आमच्या मैत्रीत हा माणूस माझ्याशी खोटं बोलल्याचं मला आठवत नाही. क्रेनचा दोर घासला होता तेव्हा साहेबासमोर उभं राहून खरं बोलला आणि बढती घालवून बसला. तो माणूस माझ्या डोळ्यांत न बघता साडी आणि लाइटी सांगतो. मी म्हटलं, "मग तूच वाच विश्वनाथ. एक तर तू राहा, नाहीतर मी."

तो काहीतरी बोलला. हळू. मी ऐकायला थांबलो नाही.

१२ फेब्रुवारी

शर्वरीचा मेसेज: अच्युतकाकांचा घसा बसला आहे, यशवंत आता तुषार वाचेल, दिवाण दुसरं कुणीतरी.

घसा बसला! काल कमलबरोबर भाजी घेताना तो ठणठणीत हसत होता, असं सुमननंच सांगितलं. सांगताना तिचा आवाज रडवेला होता आणि त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. का कुणास ठाऊक.

मी जिंकलो. आनंद व्हायला हवा होता. उजव्या बाजूची खुर्ची आज रिकामी होती, तिच्यावर मी माझी शाल ठेवली.

१९ फेब्रुवारी

तालमी वाईट चालल्या आहेत. तुषार कधी थांबतो, कधी सुरू करतो, पत्ता लागत नाही. मी वाचायला लागलो की तो चिडून वहीवर हात आपटतो. मी थांबलो की सगळे माझ्याकडे बघत बसतात. मनोरमाबाई चहाच्या वेळी शर्वरीशी बोलत होत्या, मी गेलो तर विषय थांबला. ही सगळी अच्युतची माणसं. जाता जाता मंडळात विष कालवून गेला.

शर्वरीनं आज विचारलं, "काका, आपको घबराहट तो नहीं? हवं तर विश्वनाथाची पानं थोडी कमी करू." मी म्हटलं, एक ओळही नाही. ती म्हणाली, "ओके." मग खाली बघत आणखी काहीतरी म्हणाली. विचारलं तर म्हणे काही नाही.

खरं लिहायचं ठरलं आहे म्हणून लिहितो. घरी येताना बसमध्ये अच्युतची आठवण आली आणि मी एक स्टॉप पुढे जाऊन उतरलो.

२७ फेब्रुवारी, सकाळ

आज प्रयोग. आवाज लागला आहे. सुमननं ताक घेऊ नका, गरम पाणी प्या वगैरे काहीही सांगितलं नाही. माझा कुर्ता तेवढा इस्त्री करून पलंगावर ठेवला.

२८ फेब्रुवारी

काल काय झालं ते नीट लिहायला हवं, कारण मला ते नीट कळलेलं नाही.

हॉल भरला होता. पहिलं प्रकरण माझंच, ते उत्तम झालं. दुसऱ्यात तुषारचं बोलणं आलं. प्रकाश डोळ्यांवर होता, त्यामुळे त्याचे ओठ दिसेनात. त्याचं वाक्य संपलं असं वाटून मी सुरू केलं. पुढच्या रांगेतला एक मुलगा हसला. मी थांबलो. बराच वेळ कुणी काही वाचेना. सगळे माझ्याकडे पाहत होते. मग मला वाटलं, आता माझी पाळी असणार, म्हणून वाचू लागलो, तर तुषारनं कपाळावर हात मारला. कुर्ता पाठीला चिकटला. हातातली पानं दिसत होती, पण कुठे आहोत ते समजेना. मी उठून निघून जाणार होतो.

तेवढ्यात पहिल्या रांगेत अच्युत उभा राहिला.

तो आलाय हे मला माहीत नव्हतं. सुमनशेजारी बसला होता. तो उठला, कडेच्या खांबाशी, मला दिसेल असा उभा राहिला आणि त्यानं हात पुढे पसरून तळवा जमिनीकडे केला. थांब. मी थांबलो. सवयच ती. थोड्या वेळानं त्याचं बोट वर गेलं आणि लहानसं वर्तुळ फिरू लागलं. उचल. मी वाचायला सुरुवात केली, आणि या वेळी कुणी हसलं नाही.

तिथून शेवटपर्यंत तसंच चाललं. थांब. उचल. हळू. थोडं अजून. त्याच्या मागे बसलेली माणसं कुजबुजत होती, एका बाईनं तर त्याचा शर्ट ओढून खाली बसा असं खुणावलं. तो बसला नाही. घसा बसलेला माणूस दीड तास हात वर करून उभा होता. फाशीआधी यशवंताला भेटायला विश्वनाथ तुरुंगात जातो, ते प्रकरण आलं. तिथं वाक्य आहे: 'मी त्यास काही विचारले नाही. त्याचा हात हाती घेऊन बसलो.' इथे माझा आवाज फुटला. तालमीत कधी फुटला नव्हता.

शेवटी सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. हात दिसत होते. आवाज तितकासा नव्हता. हॉलची रचनाच तशी असेल, किंवा माईक बंद पडला असेल.

पडदा पडल्यावर अच्युतला शोधलं. निघून गेला होता. शर्वरी रडत होती. तिनं माझे दोन्ही हात धरले आणि माझ्या तोंडाजवळ येऊन म्हणाली, "काका, मी तुम्हाला मागेच काढणार होते. ते म्हणाले, हेमंत नाही तर मीही नाही. बात खतम. असे हात करून म्हणाले." आणि तिनं हात आडवे करून दाखवले.

मग का काढणार होतीस, असं मी तिला विचारलं नाही. रिक्षात सुमनलाही विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, असं तिच्या चेहऱ्यावरून वाटलं. म्हणून रस्त्याकडे पाहत बसलो.

१ मार्च

सकाळीच अशोका गार्डनला गेलो. अच्युत फाटकाशी कुंड्यांना पाणी घालत होता. मी फाटकाबाहेरच थांबलो.

"परवा इशारे कशाला केलेस?"

"हॉलचा साउंड एकदम बेकार होता यार. कोणालाच काही समजून नाही राहिलं."

"अच्युत."

तो पाणी घालत राहिला. कुंडी भरून पाणी बाहेर वाहू लागलं.

मी म्हटलं, "विश्वनाथानं विचारलं नाही. मी विचारतोय. तुला खोटं बोलावं लागेल याची मला पर्वा नाही. पण आज साडी आणि लाइटी सांगितल्यास तर मी या गल्लीत पुन्हा येणार नाही. माझं काय झालंय?"

त्यानं पाइप खाली टाकला. काहीतरी बोलला. त्याचे ओठ थरथरत होते, वाचता येईनात.

"काय?"

पुन्हा बोलला. डोळे पुसले आणि पुन्हा तेच.

"काय म्हणतोस? मोठ्यानं बोल ना!"

तेव्हा अच्युतनं फाटकाचे गज दोन्ही हातांनी धरले आणि छातीतली सगळी हवा घालून ओरडला, "हेमंता, तुला ऐकू येत नाही रे!"

समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई थांबली. भाजीवाल्यानं ठेला उभा केला. कमल दारात आली आणि तोंडावर हात ठेवून तिथेच राहिली.

मला ऐकू आलं.

मी विचारलं, "आणखी कुणाला माहीत आहे?"

त्याला आता हळू बोलता येईना की बोलायचंच नव्हतं, कोण जाणे. रडता रडता तो तसाच ओरडला, "सगळ्यांना! फक्त तुला सांगायची हिंमत कोणात नव्हती! माझ्यातपण नव्हती!"

मग त्यानं फाटक उघडलं, आणि मी आत गेलो.